नाशिकहून बंगळूरला बिऱ्हाड हलवायचंय: ट्रक, डिपॉझिट, सामान… हिशेब कसा मांडावा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नवऱ्याची अंबडच्या कारखान्यातून कंपनीच्या बंगळूरच्या युनिटला बदली झाली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. घरात आम्ही दोघं, चौथीतून पाचवीत जाणारी मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये स्वतःचा २ बीएचके आहे, त्याचा हप्ता अजून चालू आहे. कंपनी स्थलांतरासाठी एकरकमी ७५ हजार देणार आहे.

पॅकर्स-मूव्हर्सकडून दर मागवले तर एकाने २८ हजार सांगितले, एकाने ४२ अधिक जीएसटी आणि एकाने थेट ६५. सामान तेच, अंतर तेच. मग एवढा फरक कशाचा? नवरा म्हणतो सगळं विकून टाकू, तिकडे नवीन घेऊ. सासूबाई म्हणतात एक वाटीसुद्धा मागे राहणार नाही. मी मधे वही घेऊन बसले आहे. कुणी हे केलं असेल तर खर्चाचे कोणकोणते रकाने आखायचे ते सांगा. कार आहे, स्कूटरही आहे.

मिसळप्रेमी
अभिनंदन! पहिला रकाना मटकीचा आखा. मिसळीचा मसाला किलोभर नेला नाहीत तर दर महिन्याला नाशिकवारी होईल आणि त्याचा खर्च ट्रकपेक्षा जास्त पडेल.

व्हाइटफिल्डकर
मी मूळचा पंचवटीचा, आता बरीच वर्षं इकडे आहे. ताई, सगळेजण ट्रकच्या भावावर घासाघीस करतात, पण ट्रक हा या खर्चातला छोटा भाग आहे. मोठा खड्डा डिपॉझिटचा. नाशिकमध्ये दोन-तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून चालतं. इकडे पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं मागायचे. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर आलंय, तरी ३५ हजार भाड्याच्या घराला पावणेदोन लाख झाले. वर दलाल एक महिन्याचं भाडं घेतो आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. म्हणजे एकही खुर्ची हलायच्या आधी दोन लाख पंचेचाळीस हजार खात्यातून जातात.

आणखी एक. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची इथे पद्धत आहे. करारात ते लिहिलंय का हे सही करण्याआधी वाचा, लिहिलं असेल तर तिथेच बोला.

गोदाकाठ
@व्हाइटफिल्डकर बापरे. हा आकडा आमच्या वहीत नव्हताच. आम्ही नाशिकच्या हिशेबाने ७० हजार धरले होते.

मालवाहक
माझा व्यवसाय वाहतुकीचा, गाड्या आडगावला लागतात. तुम्हाला आलेल्या तीन भावांचं कोडं सोडवतो.

२८ हजारवाला पार्ट लोड देतोय. म्हणजे तुमचं सामान दुसऱ्यांच्या मालाबरोबर जाणार. ते आधी इथल्या गोदामात उतरेल, मग पुण्याला किंवा भिवंडीला दुसऱ्या गाडीत चढेल, बंगळूरला पुन्हा गोदामात उतरेल आणि शेवटी छोट्या टेम्पोतून घरी येईल. मोजा, किती वेळा चढ-उतार झाली. काच आणि लाकडी फर्निचर फुटतं ते रस्त्यावरच्या खड्ड्यांनी कमी, या चढ-उतारांनी जास्त. आणि माल पोचायची तारीख कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण गाडी भरेपर्यंत ती हलत नाही.

४२ वाला बहुतेक चौदा फुटी गाडी पूर्ण तुम्हाला देतोय. ६५ वाला सतरा फुटी धरतोय किंवा बंद कंटेनर. तिघांना एकच प्रश्न विचारा: गाडी किती फुटी, पूर्ण माझी की वाटून, उघडी ताडपत्रीची की बंद? उत्तर लेखी घ्या. मग भाव आपोआप तुलनेत येतात.

आता तुमच्या घरातल्या वादाबद्दल. पूर्ण गाडी ठरली की भाडं गाडीचं असतं, वस्तूंचं नाही. चौदा फुटीत जागा शिल्लक असेल तर सासूबाईंची दहा भांडी, कपाट, झोपाळा सगळं फुकट जातं. पण दोन वस्तूंसाठी चौदाची सतरा करावी लागत असेल, तर त्या दोन वस्तूंची खरी किंमत म्हणजे दोन गाड्यांच्या भाड्यातला फरक. त्या दोन वस्तू त्या फरकात नवीन येत असतील तर इथेच विका. घरातलं भांडण एका मोजपट्टीत मिटतं. आधी गाडीचं माप ठरवा, मग काय न्यायचं ते.

अशोकामार्गी
मालवाहक दादा, हे तुम्ही शंभर नंबरी सांगितलंत. पण मी तरी ‘सगळं विका’ याच पक्षात आहे. आम्ही नाशिकहून नोएडाला गेलो तेव्हा चार सुटकेसी आणि लॅपटॉप. तिकडे अर्धसज्ज घर घेतलं, हळूहळू वस्तू घेतल्या. डोक्याला ताप नाही.

हिशेबी_माणूस
@अशोकामार्गी तुम्ही दोघंच होतात ना? चार माणसांच्या घराला हे लागू होत नाही. वापरलेलं विकताना हातात काय येतं ते बघा. पाच वर्षांचा फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, गाद्या, सोफा, जेवणाचं टेबल, सगळं मिळून घाईत विकलं तर मूळ किमतीच्या चौथाईसुद्धा मिळत नाही, कारण घेणाऱ्याला तुमची तारीख माहीत असते. आणि तिकडे तेच सगळं पहिल्या पंधरवड्यात नव्याने घ्यायचं, तेही डिपॉझिट भरून खिसा रिकामा झाल्यावर. विकायचं असेल तर दोन महिने आधीपासून एकेक करून विका. शेवटच्या आठवड्यात विकलेली वस्तू म्हणजे दान.

अशोकामार्गी
घाईत विकू नये हे मान्य. पण लोक जे ओढून नेतात त्यातलं निम्मं तिकडे माळ्यावरच पडतं, हेही तुम्ही मान्य करा.

देवळाली_वाली
मी तोफखान्यातल्या अधिकाऱ्याची बायको. देवळाली कॅम्पला आमचं हे दुसरं पोस्टिंग. दर दोन-तीन वर्षांनी घर हलतं, त्यामुळे या विषयावर मन लावून लिहिते.

आमच्याकडे काळ्या पेट्या असतात. लाकडी किंवा पत्र्याच्या, काळा रंग दिलेल्या, पांढऱ्या अक्षरांत नाव आणि क्रमांक घातलेल्या. या पेट्यांमागची शिस्त कुणालाही उचलता येते. प्रत्येक पेटीला क्रमांक, आणि एका वहीत त्या क्रमांकासमोर आत काय आहे याची यादी. ‘किचन’ असं लिहून भागत नाही. ‘पेटी ७: कुकर, पोळपाट-लाटणं, चहाचं भांडं, मिसळणाचा डबा, काडेपेटी’ असं लिहायचं. उतरवताना नवरा दारात वही घेऊन उभा राहतो आणि क्रमांकावर खूण करतो. एक पेटी कमी आली तर हमाल निघून जायच्या आत कळतं.

दुसरं, ‘पहिल्या रात्रीची पेटी’. ती ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढते म्हणून सर्वांत आधी उतरते. तिच्यात चादरी, चार ताटं, औषधं, बल्ब, स्क्रू-ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, साबण, मुलीचं एखादं खेळणं. सासूबाईंची महिन्याभराची औषधं मात्र पेटीतसुद्धा नको, तुमच्या हातातल्या पिशवीत. त्यांचे जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच. नवीन शहरात नवीन डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘आधीचे कागद कुठे आहेत’ हा.

पेट्या नसतील तर पुठ्ठ्याचे खोके चालतात, पण पुस्तकं छोट्या खोक्यात आणि उश्या-पांघरुणं मोठ्या खोक्यात. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ फाटतो. साड्या, चादरी, टॉवेल यांना वेगळा खोका कशाला? काचेची भांडी त्यांच्यातच गुंडाळा, बबल रॅपचे पैसे वाचतात.

प्राजक्त_नाशिकरोड
देवळालीताई, वहीची कल्पना आजच उचलली. माझे वडील इथल्या सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये होते, त्यांची देवासला बदली झाली तेव्हा आईने सगळं गोणपाटात शिवलं होतं. सुतळी आणि दाभण घेऊन आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या मदतीला.

एक विचारायचं होतं, केंद्र सरकारी नोकरीत बदलीचे पैसे कसे मिळतात? भावाची बदली होतेय.

ओझरकर
@प्राजक्त_नाशिकरोड सातव्या वेतन आयोगानंतर शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के इतकं एकत्रित बदली अनुदान मिळतं. सामानाच्या वाहतुकीचे आणि प्रवासाचे वेगळे, ते वेतनस्तरावर अवलंबून. सार्वजनिक उपक्रमांचे नियम आपापले असतात, त्यांचं कार्यालयात विचारावं.

गोदाताई, खासगीतही एक गोष्ट बघा. बदलीमुळे सामान बांधणं आणि नेणं यावर जो खर्च खरोखर होतो, त्यासाठी कंपनीने दिलेल्या भत्त्यावर आयकर लागत नाही. नव्या करप्रणालीतही ही सूट आहे. पण खर्चाची बिलं हवीत. ७५ हजारांतले ५५ खर्च केले आणि बिल ३० चंच असलं तर बाकीच्यावर कर बसेल. म्हणून ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ म्हणणाऱ्या पॅकर्सवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. घराचं डिपॉझिट या सुटीत येत नाही. एचआरला आत्ताच विचारा की रक्कम पगारात टाकणार की बिलांवर देणार.

गोदाकाठ
@ओझरकर हे फारच उपयोगाचं. एचआरला मेल केला. @मालवाहक दादा, टेपने मोजून बसले आहे. दोन पलंग, तीन कपाटं (एक लोखंडी), सोफा, फ्रिज, मशीन, टेबल, स्कूटर, अंदाजे चाळीस खोके. चौदा फुटीत बसेल?

सासूबाईंच्या भांड्यांचं सांगायचं राहिलं. पितळेचा बंब, दोन मोठे हंडे, घंगाळ, परात, तांब्याचे चार तांबे. नवरा म्हणतो बंगळूरच्या फ्लॅटमध्ये घंगाळ ठेवणार कुठे.

मालवाहक
पलंग आणि टेबल सुटे केले तर बसेल. स्कूटर मागच्या दाराशी आडवी बांधतात. पेट्रोल पूर्ण काढायचं, बॅटरीची वायर सोडवायची. हंडे आणि बंब पोकळ असतात, त्यांच्या आत उश्या-चादरी भरा. म्हणजे ते जागा खात नाहीत, उलट खोके वाचवतात.

रानवारा
घंगाळ मोडीत देऊ नका. मोडीत गेलेल्या पितळेचा भाव वजनावर होतो, घडणावळ शून्य. आणि नाशिकची तांब्या-पितळेची भांडी म्हणजे या गावाची ओळख होती. पूर्वी घराघरात लग्नात तीच दिली जायची. निघण्याआधी रोजच्या वापरातल्या पितळी भांड्यांना इथेच कल्हई करून घ्या. कल्हईवाले आता सगळीकडे सापडत नाहीत.

शालिनीताई
मी सत्तरीतली आहे, तेव्हा सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द. मुलगा-सून नव्या गावात कामाला लागतात, नात शाळेत जाते. दिवसभर घरात राहते ती म्हातारी. तिला भाषा कळत नाही, शेजारीण ओळखीची नाही, भाजीवाल्याशी खुणेने बोलायचं. अशा वेळी हाताला लागणारी परात आणि देवघरातला तोच समई-निरांजनाचा जोड यांनीच तिला घर वाटतं. ट्रकमध्ये जागा असताना त्यांना ‘हे कशाला’ म्हणू नका गं. आणि देव ट्रकमध्ये पाठवू नका, तिच्या मांडीवरच्या पिशवीत जाऊ द्या.

बंगळूरला गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, फार जुनं. घर बघताना त्या बाजूला किंवा जवळपास मराठी घरं असलेली सोसायटी मिळतेय का तेही बघा. भाडं दोन हजार जास्त पडलं तरी चालेल.

व्हाइटफिल्डकर
शालिनीताई, गांधीनगर आणि व्हाइटफिल्ड यांच्यात इथल्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास जातात. घर नवऱ्याच्या ऑफिसपासून आणि मुलीच्या शाळेपासून मोजून घ्यायला हवं. मराठी माणसं मोठ्या सोसायट्यांमध्ये सगळीकडे आहेत, गणपतीत कळतातच. बाकी तुमचं म्हणणं मनाला लागलं.

एक व्यवहाराचं: मोठ्या सोसायट्यांमध्ये सामान आणायला आधी परवानगी लागते, ठरावीक वेळेतच लिफ्ट देतात, काही ठिकाणी ‘मूव्ह-इन’ म्हणून पैसे घेतात. शिवाय शहरात दिवसाच्या गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. चौदा फुटी गाडी सकाळी येऊन शहराबाहेर थांबली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहण्याचे पैसे, कोण भरणार हे आधी ठरवा. सोसायटीची कमान ठेंगणी असेल तर दाराशी छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, लागतो. त्याचे आणि जादा हमालीचे मिळून ८ हजार वेगळे ठेवा.

इंदिरानगर_जॉगिंग
शेजारी निघालात तुम्ही! घर रिकामं ठेवणार की भाड्याने देणार? पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तोवर रिकामं ठेवून कुंभात दिवसावर दिलं तर चांदी होईल असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतायत.

हिशेबी_माणूस
@इंदिरानगर_जॉगिंग वर्षभर घर बंद ठेवून काही आठवड्यांच्या आशेवर बसायचं? त्या वर्षात हप्ता, घरपट्टी, पाणीपट्टी, मेंटेनन्स चालूच. सोसायटी अनोळखी लोकांना दिवसावर येऊ देईल का हा वेगळा प्रश्न. आणि ताई बंगळूरला असणार, चावी कोण देणार? साधं अकरा महिन्यांचं लीव्ह-लायसन्स करा. करार नोंदवणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे आणि ते घरमालकाचं काम आहे. ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. महावितरणचं शेवटचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अंजनेरी
गाडीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. कार एमएच १५, म्हणजे नाशिकच्या नंबरची, असेल तर दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हे मोटार वाहन कायद्यातच आहे. त्यासाठी नाशिक आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, बाकी चलनं भरलेली, विमा आणि पीयूसी चालू. हे इथे असतानाच करा, तिकडून कुरियरने करताना जीव जातो.

मोठा खर्च पुढे आहे. कर्नाटकात आजीवन कर पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो तरी तिथला कर देशातल्या जास्त करांपैकी आहे. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण तिकडे नोंदणी झाल्यावर, अर्ज करून. म्हणजे आधी भरायचं, मग मागायचं. गाडी जुनी असेल तर इथे विकून तिकडे तिथल्याच नंबरची वापरलेली गाडी घेणं कधीकधी स्वस्त पडतं. दोन्ही आकडे काढा.

गोदाकाठ
कार सहा वर्षांची आहे. नवऱ्याच्या कंपनीची सहा राज्यांत ऑफिसं आहेत. मग बीएच नंबर, तो राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा, घेता येईल का?

अंजनेरी
चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बीएच मिळतो, कंपनीचं फॉर्म ६० मधलं प्रमाणपत्र लागतं. जुन्या नेहमीच्या नंबरवरून बदलायची सोयही आता आहे. पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर नक्की विचारा. कर दर दोन वर्षांनी, दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, त्यामुळे एकदम मोठा बोजा येत नाही.

गंगापूर_रोडवाला
तीन वर्षांपूर्वी आमच्या साडूंच्या बाबतीत घडलेलं सांगतो. एका पॅकर्सने नाशिकमधून सामान उचललं, ठरलेले पैसे अर्धे आधी घेतले. हैदराबादच्या बाहेर गाडी थांबवून फोन केला की सामान जास्त निघालंय, आणखी २२ हजार पाठवा मगच गाडी पुढे सरकेल. नाव एका प्रसिद्ध कंपनीसारखंच ठेवलेलं, फक्त एक अक्षर वेगळं. कार्यालयाच्या पत्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं.

कायदेवाचक
@गंगापूर_रोडवाला या प्रकाराला आळा घालता येतो, कागद हातात हवेत. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याचा कागद. पावती किंवा कोटेशन म्हणजे बिल्टी नव्हे. बिल्टीवर गाडीचा नंबर, वस्तूंची यादी आणि घोषित किंमत असावी. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. त्याखाली जादा किंमत घोषित केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. ४२ हजार भाडं असेल तर चार लाख वीस हजार, म्हणजे घरगुती सामानाला साधारण पुरतं. पण नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. फोनवर भांडत सहा महिने घालवले तर हक्क बुडतो.

पॅकर्सवाले ‘विमा दोन टक्के’ म्हणून पैसे घेतात. ते विमा कंपनीकडे जातात का हे विचारा. तुमच्या नावाचं, विमा कंपनीचं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर यायला हवं. ते आलं नाही तर ते पैसे विम्याचे नाहीत. दागिने, रोकड, घराची कागदपत्रं कुठल्याच विम्यात धरत नाहीत, ती स्वतःजवळ.

आगाऊ रक्कम दहा-वीस टक्के, उरलेलं गाडी भरल्यावर थोडं आणि सामान उतरल्यावर बाकीचं. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा, कंपनीचं नाव आणि पत्ता तिथे दिसतो. तरी फसवणूक झालीच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

सातपूरकर
चेकपोस्टवर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद, मागतात म्हणे? आमच्या मित्राकडून रस्त्यात पाचशे घेतले.

कायदेवाचक
वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, नियमांतच सूट आहे. चालकाजवळ सामानाची यादी, बदलीच्या पत्राची प्रत आणि मालकाच्या आधारची प्रत द्या. ‘हे सामान वापरलेलं आणि स्वतःच्या घरचं आहे’ असं एक सही केलेलं पत्रही. मूळ पॅकिंगमधला नवा टीव्ही मात्र त्यात ठेवू नका, तिथे प्रश्न येतात.

मिसळप्रेमी
मसाल्याच्या डब्यालाही ई-वे बिल नाही ना? मग दोन किलो न्या.

सुगंधा_पाथर्डीफाटा
शाळेचं विसरू नका. कर्नाटकातल्या बऱ्याच शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात, आपल्या राज्य मंडळाच्या शाळांआधी. शाळा सोडल्याचा दाखला निकालाच्या दिवशीच मागून ठेवा. तिकडे कन्नड शिकणं शाळांत सक्तीचं आहे, सीबीएसईतही. बाहेरून आलेल्या मुलांसाठी शाळा काय सोय करते हे प्रवेशाआधी विचारा. आतापासूनच मुलीला कन्नड मुळाक्षरांची वही आणून दिलीत तर तिला पहिल्या दिवशी परकं वाटणार नाही. माझा भाचा तिसरीत गेला तेव्हा त्याच्या वर्गात तो एकटाच अक्षरं न येणारा होता आणि महिनाभर शाळेत जायचं नाही म्हणून रडायचा. लहान मुलांना भाषा लवकर येते, पण ते पहिले दिवस सोपे करणं मोठ्यांच्या हातात असतं.

हिशेबी_माणूस
ताई, आता सगळ्यांनी सांगितलेलं तुमच्या वहीत मांडून देतो. चौदा फुटी पूर्ण गाडी ४२ हजार, १८ टक्के जीएसटीसह साधारण ५० हजार. विमा तीन लाखांवर दोन टक्के म्हणजे ६. छोटा टेम्पो-हमाली ८. झाले ६४ हजार. घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, दलाली मिळून २ लाख ४५. प्रवास आणि घर ताब्यात येईपर्यंतचं राहणं २०. शाळेची पहिली फी ६० धरतो, तुम्हाला खरा आकडा कळेल. पडदे, वॉटर प्युरिफायरची जोडणी, गॅस शेगडीची नळी, इलेक्ट्रिशियन यांना २०. बेरीज चार लाख नऊ हजार. यात ट्रकशी संबंधित खर्च जेमतेम सहावा हिस्सा. गाडीचा कर यात धरलेला नाही.

कंपनीचे ७५ हजार आले तरी बाकीचे ३ लाख ३४ हजार जूनच्या पगाराआधी हातात असायला हवेत. त्यातले पावणेदोन लाख परत येणारे आहेत, पण घर सोडताना. म्हणून डिपॉझिटसाठी मुदत ठेव मोडायची की कंपनीकडून बिनव्याजी उचल मागायची हे आधी बघा. बऱ्याच कंपन्या बदलीच्या वेळी डिपॉझिटसाठी उचल देतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. क्रेडिट कार्डावर मुळीच नको.

आणि घर बघायला नवऱ्याने एकट्याने मेमध्ये एकदा जाऊन यावं. फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका.

अशोकामार्गी
@हिशेबी_माणूस मांडणी सुरेख. एवढं बघून मी माझं ‘सगळं विका’ मागे घेत नाही, पण कूलर तरी विका! नाशिकच्या मेमध्ये लागतो, बंगळूरला त्याचं काम नाही.

देवळाली_वाली
कूलरबद्दल पूर्ण सहमत. एसीसुद्धा काढून परत बसवण्याचा आणि गॅस भरण्याचा खर्च बघूनच न्या. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्यायचा, पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. वॉशिंग मशीन समोरून उघडणारी असेल तर ड्रम हलू नये म्हणून त्याचे ट्रान्झिट बोल्ट लावून घ्या. बोल्ट हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरला मिळतात.

गोदाकाठ
मंडळी, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री वही घेऊन तिघं बसलो. ठरलं ते असं: चौदा फुटी पूर्ण गाडी, बंद. कूलर, जुना सोफा आणि एक लाकडी कपाट इथेच विकायला आजपासून लावलं. घंगाळ आणि हंडे येणार, आत रजया भरून. कार इथेच विकायची की बीएच करायचं हे कंपनीच्या उत्तरावर. नवरा मेच्या पहिल्या आठवड्यात घर बघायला मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेसने जातोय. एचआरने डिपॉझिटसाठी एक लाख उचल द्यायला होकार दिला, विचारलं म्हणूनच. घर अकरा महिन्यांच्या करारावर देणार.

एकच राहिलं. गॅसचं काय करायचं? आणि गाडी कोणत्या तारखेला भरावी?

सुगंधा_पाथर्डीफाटा
सिलिंडर ट्रकमध्ये कुणी घेत नाही आणि घेऊ नये. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, आणि अनामत घ्या. ते व्हाउचर दाखवून तिकडे त्याच कंपनीचं कनेक्शन मिळतं. शेगडी सोबत न्या. निघायच्या आदल्या दिवशी जमा करा, त्या रात्रीचा स्वयंपाक शेजारी.

इंदिरानगर_जॉगिंग
शेजारी म्हणजे आमच्याकडे. ठरलं. सासूबाईंनाही घेऊन या.

मालवाहक
महिनाअखेर टाळा. ३० आणि ३१ ला सगळी भाडेकरू मंडळी घर बदलतात, गाड्या आणि हमाल दोन्ही महाग. मेमध्ये द्राक्षांचा हंगाम संपलेला असतो, त्यामुळे २० ते २५ च्या दरम्यान मधल्या वारी बघा, भाव थोडा खाली येईल. पाऊस सुरू व्हायच्या आत सामान पोचेल. गाडी पोचायला साधारण तीन दिवस धरा, त्यामुळे तुम्ही गाडीनंतर एक दिवसाने निघालात तरी आधी पोचाल. गाडी संध्याकाळी भरून रात्री काढली की चाकणची गर्दी टळते. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन आदल्या रात्री मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर सकाळी सामान बांधून बसू नका, आधी फोन करा. सोसायटीची कमान किती उंच आहे तेवढं नवऱ्याला मेमध्ये मोजून आणायला सांगा.